शमिकाताई चेंडूकडे बघत नाही

मिरकरवाड्यात बोलतात, की फोटोग्राफर शमिकाताईला उडता चेंडू दिसतच नाही. साफ खोटं! ती मुद्दाम त्याच्याकडे बघत नाही.

व्हॉलीबॉलच्या फायनलला तिने जाळीच्या वरच्या पट्टीवर फोकस लावून ठेवला. फोटो फसला, तर पुढच्या वर्षी स्पर्धा भरवणारं मंडळ दुसरा फोटोग्राफर आणणार होतं.

"ताई, चेंडू तिकडे मागे आहे!" मी ओरडलो.

"असूंदे मेल्या. पाहुणा गावभर फिरला तरी शेवटी दारातनंच आत येणार ना?"

तिच्या बोलण्याची मी रोज नक्कल करतो. मी पैज लावली, "चेंडू फोटोत आला, तर महिनाभर तुझी नक्कल बंद."

आमच्या संघातल्या हर्षदने जाळीजवळ उडी मारून स्मॅश हाणला. फोटोत चेंडू, बोटं, वटारलेले डोळे, सगळं लख्ख! पुढच्या वर्षीचं काम तिलाच मिळालं.

आज नक्कल बंद केल्याचा चौथा दिवस. 'असूंदे मेल्या' अगदी ओठांवर येतंय.