पंचवीस काळे भुंगेरे

निवृत्त प्राध्यापक जमले की किस्से निघतात, आणि प्रत्येक किश्शात मूर्ख ठरतो तो विद्यार्थी. मीही वर्षानुवर्षं तसेच सांगत आलो. हल्ली मात्र आमच्या प्राणिशास्त्र विभागाचे किस्से सांगताना मध्येच जीभ अडखळते.

*

तोंडी परीक्षेत माझा पहिला प्रश्न ठरलेला : सर्वांत जास्त जाती कुठल्या प्राण्यांच्या? एकाने ठामपणे सांगितलं, माशांच्या. मी म्हणालो, "मासळीबाजारातून थेट इकडेच आलात का?"

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याला सांभाळून घेत सांगितलं, कीटकांच्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आणि कीटकांत?" मी ऐटीत म्हणालो, "फुलपाखरांच्या."

कोपऱ्यात ट्रे धुणारे आमचे लॅब अटेंडंट हमीदभाई मान न वळवता म्हणाले, "भुंगेऱ्यांच्या, सर."

दुसऱ्या दिवसापासून मी भुंगेरे असं शिकवायला लागलो, जणू शोध माझाच.

*

पंचवीस वेगवेगळ्या जातींचे कीटक टाचणीला लावून पेटीत सादर करायचे, असा आमच्याकडे नियम. मुलं पुण्याची! जुन्या विद्यार्थ्याची पेटी आणायची आणि वर आपल्या नावाची चिठ्ठी डकवायची.

एकदा एका पेटीचं मी सगळ्या वर्गासमोर तोंड भरून कौतुक केलं. हमीदभाईंनी चिठ्ठी ओली करून सोलली. खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. तळाला निघाली ती माझी, विद्यार्थी असतानाची. सगळे हसले, मीही हसलो. माझी डकवताना मी तिच्याखालची खरवडून काढली होती, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

*

पाहुण्यांना दाखवायला फुलपाखरांचं कपाट उघडलं, तर आत नुसत्या टाचण्या. भुंगेऱ्यांनी सगळं फस्त केलेलं. मी म्हणालो, "यांच्या जाती सर्वांत जास्त का, त्याचं हे प्रात्यक्षिक!" टाळ्या पडल्या.

कपाटात डांबरगोळ्या टाकायचं काम माझं होतं. मेमो हमीदभाईंना मिळाला. मी गप्प बसलो, आणि त्याची लाज अजून वाटते.

*

सुनंदा वारज्याहून सायकलवर यायची. तेव्हा वारजे गावच होतं. घरी शेती, गोठा. नापास झालीस तर कॉलेज बंद, असं वडिलांनी तिला बजावलं होतं. परीक्षेआधी ते तिनं मला सांगितलंही होतं.

तिच्या पेटीत पंचवीस काळे भुंगेरे. चिठ्ठ्यांवर जातीची नावं नाहीत, फक्त जागा : शेणाखाली, कडब्यात, ओढ्याकाठी. मी पेटी उचलून वर्गाला दाखवली.

"अहो बाई, पंचवीस जाती आणायच्या होत्या. आपण एकाच भुंगेऱ्याचं अख्खं खानदान घेऊन आलात."

वर्ग खदखदून हसला. एकदा भिंगातून बघा, असं हमीदभाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले. मी बघितलं नाही. पेटीला शून्य दिलं. सुनंदा नापास झाली आणि कॉलेजात परत दिसली नाही.

काही वर्षांनी भुंगेऱ्यांचे एक जाणकार विभागात आले. हमीदभाईंनी जपून ठेवलेली ती पेटी त्यांच्यापुढे ठेवली. तासभर ते भिंगाला डोळा लावून बसले. मग विचारलं, हे कोणी जमवलंय? पंचवीसच्या पंचवीस वेगळ्या जातींचे आहेत.

त्याच रविवारी मी पत्ता काढून वारज्याला गेलो. सुनंदा गावातच दिलेली. तिनं पाट मांडला, चहा दिला. मान खाली घालून मी सगळं सांगितलं.

"माहीत हाय सर," ती म्हणाली. "येगळेच व्हते ते."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

तिनं माझ्या पुढ्यातली रिकामी कपबशी उचलली.

"सगळी हसली, तवा मीबी हसले, सर. हसल्यावर मग काय सांगायचं?"