घरगाडीसाठी स्थळ

गाडी डीलरकडे नेऊन लावली तेव्हा तिथल्या विक्रेत्याने मला दोनच सूचना केल्या. आतलं घरगुती सामान सगळं काढून न्या, आणि गिऱ्हाईक येईल तेव्हा तुम्ही इथे असू नका. पहिली सूचना मी अर्धीमुर्धी पाळली. दुसरी अजिबात पाळली नाही.

गाडी म्हणजे साधी गाडी नव्हे, मोटारहोम. पुढे ड्रायव्हरची सीट, मागे पलंग, मधे शेगडी, सिंक, खिडकीशी टेबल, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते संडास-बाथरूम. इकडे परदेशात, आमच्या फ्रिस्को शहरात असली गाडी घेणारे लोक बहुतेक निवृत्त असतात, कुत्री पाळतात, मासे पकडतात. मी यातलं काहीच करत नाही. मी नागपूरहून आलेला, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा, स्वतःच्या घराच्या गॅरेजमध्ये गाडी घालतानासुद्धा बायकोला "जरा मागे उभी राहा ना" म्हणणारा माणूस आहे. मला एवढं धूड विकणाऱ्याची मला अजून कमाल वाटते.

ती घेतली आईसाठी. वडील गेल्यावर आई अधूनमधून काही महिने आमच्याकडे येऊन राहायची. तिला फिरायची भारी हौस. पण प्रवासाला निघालो की ती पाणी प्यायची नाही. "तहानच लागत नाही रे," म्हणायची. मी इंजिनियर असल्यामुळे मला ते खरं वाटायचं. बायकोने एकदा समजावलं, "अरे, सारखी गाडी थांबवायला सांगायचा त्यांना संकोच वाटतो. आणि पेट्रोल पंपावरचे ते संडास त्यांना नको होतात." मी मान डोलावली आणि विसरलो. मग एका उन्हाळ्यात, भर दुपारी, एका प्रेक्षणीय दरीच्या कठड्याशी आईला चक्कर आली. दवाखान्यात सलाइन लावताना नर्सने विचारलं, या पाणी किती पितात? आम्ही दोघंही आईकडे बघायला लागलो आणि आई छताकडे.

परत आल्यावर मी मोटारहोम बघायला लागलो. यात माझा काही मोठेपणा नाही. नुकताच बोनस मिळाला होता, अक्कल मिळायची राहिली होती.

आईने तिचं नाव ठेवलं घरगाडी. खिडकीजवळच्या टेबलाशी ती पट्टा लावून बसायची, समोर पाण्याचा तांब्या. थांबायचं असलं की बांगडीने टेबलावर टकटक. बोलायचं काही नाही. मी पुढचा रेस्ट एरिया आला की गाडी बाजूला घ्यायचो. बाथरूमच्या दाराशी तिला धरायला मी स्वतःच्या हाताने एक स्टीलचा दांडा बसवला. तो वाकडा बसला. तिने तिची दोन जुनी सुती पातळं दिली, त्याचे बायकोने पडदे शिवले. मैल्याची टाकी रिकामी करायचं काम अर्थात माझं. हातात मोजे, नाकाला रुमाल, आणि खिडकीतून आईची चौकशी, "याच्यासाठी एवढा शिकला का रे?" असं विचारताना तिच्या हातात चहाचा कप असायचा. रस्त्यावर असताना चहा! दोनदोनदा!

गेल्या वर्षी तिच्या फुफ्फुसांनी कुरकुर सुरू केली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता विमानाचा लांबचा प्रवास नाही. मला तसं फोनवर स्पष्ट सांगितलं. आईलाही सांगितलं असणार, पण आईने ते ऐकून घेतलं असेल याची मला खात्री नव्हती. कारण दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न तोच, "घरगाडी बरी आहे ना? चालू करून ठेवतोस ना?"

"हो."

"ठेव बापा. नाहीतर मी आली की अडून बसेल."

आमच्या वस्तीच्या कमिटीला दारात मोटारहोम चालत नाही. म्हणून ती गावाबाहेर भाड्याच्या जागेत उभी असायची आणि आम्ही जाऊन तिचं इंजिन चालू करायचो, थोडा वेळ आत बसायचो आणि परत यायचो. "देवदर्शनाला जातो तसं झालंय हे," बायको म्हणाली. "विकू या ना."

तिचं बरोबर होतं. पण गाडी विकली हे आईला सांगणं म्हणजे तू आता येणार नाहीस हे तिला तोंडावर सांगणं. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. कॉलेजमधल्या मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "बाबा, जस्ट टेल आजी. शी कॅन हँडल इट. यू कान्ट." मुलांना परगावी शिकायला पाठवल्याचा हा फायदा.

मग बायकोनेच कन्साइनमेंटचं शोधून काढलं. म्हणजे गाडी आपल्याच नावावर राहते, फक्त डीलर ती त्याच्या आवारात लावतो, दाखवतो, विकतो आणि विकली गेली की त्याचा वाटा कापून घेतो. मला ही पद्धत आवडली. गाडी विकायलाही काढली आणि विकलीही नाही, असं दोन्ही एकदम करता येत होतं. आईला सांगायची घाईच नव्हती.

सामान काढलं. हिंगाची डबी काढली, वास राहिला. बाथरूममधला प्लॅस्टिकचा मग मात्र नजरेतून सुटला. विक्रेता तो हातात घेऊन बाहेर आला. टोपी घातलेला, दरवाजाएवढा माणूस. "हे कशासाठी असतं?" त्याने विचारलं. आता काय सांगावं? मी म्हणालो, "झाडांना पाणी घालायला." त्याला ती कल्पना इतकी आवडली की पुढच्या वेळी गेलो तर बाथरूममध्ये एक प्लॅस्टिकचं झाड ठेवलेलं, शेजारी आमचा मग.

हो, पुढच्या वेळी. मी शनिवारी तिथे जायला लागलो होतो. सहज. जाऊन आपल्याच गाडीत गिऱ्हाइकासारखा बसायचो. असाच बसलो असताना एक जोडपं चढलं. बाई म्हणाल्या, "किती सुंदर ठेवलीय!"

आणि माझ्या तोंडून निघालं, "छे, साधीच आहे. माझीच गाडी."

आता यात माझा दोष नाही. आपल्याकडे पाहुणा श्रीखंडाला छान म्हणाला की घरच्या बाईने म्हणायचं असतं, आज जरा साखर जास्तच झाली. मग पाहुण्याने म्हणायचं, छे छे, अगदी बेताची आहे. असं दोन-तीनदा झालं की श्रीखंड छान झालं हे ठरतं. मी माझं काम चोख केलं. बाई पडद्यांना हात लावून म्हणाल्या, "व्वा!" मी म्हणालो, "जुन्या साडीचे आहेत." नवऱ्याने छत बघितलं. मी म्हणालो, "मागे एकदा गळलं होतं." इंजिनाबद्दल विचारलं. मी म्हणालो, "आहे आपलं, चालतं." आणि आता ते छे छे म्हणतील म्हणून वाट बघत उभा राहिलो. ते आभार मानून खाली उतरले आणि समोरच्या गाडीत शिरले.

विक्रेत्याने मला बाजूला घेतलं. "सर, मी इतकी वर्षं हे काम करतोय. खोटं बोलून विकणारे पाहिलेत. तुमच्यासारखा नाही पाहिला."

"मी खरंच सांगत होतो."

"छत दुरुस्त केलंय, हे सांगितलंत?"

नव्हतं सांगितलं.

घरी येऊन मी हा किस्सा रंगवून सांगितला. बायको हसलीच नाही. "तू मुद्दाम करतोस," ती म्हणाली. मी बराच वेळ वाद घातला. वाद घालताना मला कळत गेलं की आपण हरतोय.

पुढचे काही आठवडे मी तिकडे फिरकलो नाही, आणि विक्रेत्याचा फोन आला. एका बाईंनी ऑफर दिली आहे, भाव ठीक आहे, सोमवारपर्यंत हो की नाही सांगा. गाडी वडिलांसाठी हवी होती. हृदयाचा त्रास, पाण्याच्या गोळ्या चालू, त्यामुळे सारखं जावं लागतं. दूर ओरेगनला त्यांची बहीण असते, तिला भेटायचंय, पण रस्त्याने जायला ते तयारच होत नाहीत. "म्हातारबाबा चढले," विक्रेता सांगत होता, "काही बघितलं नाही, तुमचा तो वाकडा दांडा धरून सरळ बाथरूममध्ये गेले. बाहेर येऊन म्हणाले, हीच."

मी फोन ठेवला. बायको समोरच होती. "आधी आईंना फोन कर," ती म्हणाली. "सही नंतर."

आमची सकाळ होती, आईची संध्याकाळ. तिने विचारायच्या आत मी बोलून टाकलं. "आई, घरगाडी विकायला ठेवलीय."

"काऊन?"

"आता वापर होत नाही."

"मी आली की होईल ना वापर."

"आई, डॉक्टर म्हणाले ना…"

"डॉक्टरला काय होतं म्हणायला."

मग तिच्या हातातला फोन कलला आणि मला नुसता छताचा पंखा दिसायला लागला. पंखा फिरत होता. बायकोने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तिलाही पंखाच दिसत होता. मग आवाज आला, "मी विमानाची बॅग माळ्यावर नव्हती टाकली अजून."

थोड्या वेळाने आईचा अर्धा चेहरा परत आला. "घेतंय कोण?"

मी सगळं सांगितलं. बाई, वडील, गोळ्या, ओरेगनची बहीण.

"पाणी पीत नसेल तो," आई म्हणाली.

"कोण?"

"म्हातारा. गाडीत बसायचं म्हटलं की सकाळपासून घोटभर पीत नसेल." तिने डोळ्यांवरून पदर फिरवला. "देऊन टाक त्यांना. भाव नको ताणत बसू."

"बरं."

"तो दांडा काढू नको. वाकडा आहे, पण हाताला बरोबर येतो. पडदेही राहू दे, त्या बाजूने ऊन येतं. आणि रिकामी नको देऊ. रिकामं भांडं देतं का कोणी कोणाला?"

गाडी ताब्यात द्यायच्या दिवशी विक्रेत्याने मला मोठ्या मनाने येऊ दिलं. अट एकच, बोलायचं नाही. मी आधीच जाऊन शेगडीवरच्या कपाटात एका स्टीलच्या डब्यात साखर भरून ठेवली होती, आणि टेबलावर आईचा तांब्या, पाण्याने भरलेला. म्हातारबाबा त्याच खिडकीशी बसले. त्यांची मुलगी पडद्यावरून हात फिरवून म्हणाली, "किती छान आहेत हे!"

विक्रेत्याने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. जुनेच आहेत, हे अगदी जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, "थँक यू. माझ्या आईचे आहेत." मराठी माणसाने आपल्या वस्तूची याहून जास्त तारीफ केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

म्हातारबाबा बाथरूमपर्यंत जाऊन आले. "तो मग कशाला आहे?"

"झाडाला पाणी घालायला," विक्रेत्याने अधिकाराने सांगितलं.

"झाड तर प्लॅस्टिकचं आहे."

विक्रेत्याने टोपी सारखी केली.

त्यानंतरच्या शनिवारी आईचा पहिला प्रश्न काय असेल याची मला धास्ती होती. तिने विचारलं, "कुठवर पोचले ते?"

मला काय माहीत! त्यांचं नावसुद्धा मला नीट उच्चारता येत नाही. पण मी नकाशा आठवून म्हणालो, "कोलोराडोत असतील."

"थंडी असेल तिकडे." मग म्हणाली, "बॅग टाकायला लावली माळ्यावर. रिकामी नाही टाकली. तुझे दोन जुने स्वेटर ठेवले आत."

"बरं केलंस."

"पाणी पितो ना तो?"

"पितो," मी म्हणालो. "चहासुद्धा घेतो."