बोळकं

तोंडात एकही दात नसलेला माणूस दिसला की लॉटरी लागल्यासारखा आनंद कुणाला होत असेल, तर तो दातांच्या कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना. बाकी जगात त्या बिचाऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण पूर्ण कवळीचा पेशंट स्वतः शोधून आणायचा, मापं घेण्यापासून कवळी तोंडात बसेपर्यंत सगळं स्वतः करायचं, मॅडमची सही घ्यायची आणि मगच परीक्षेचा अर्ज पुढे जाणार, असा तिथला नियम. त्यामुळे बसथांब्यावर, बाजारात, बागेत कुठेही गाल आत गेलेली म्हातारी दिसली की ही पोरं गुळाला मुंगळे चिकटावेत तशी तिला चिकटत. अशा पेशंटला त्यांच्यात एक नाव होतं, बोळकं. "तुझं बोळकं आलं का?", "माझं बोळकं हिनं पळवलं!" ही त्यांची भांडणं ऐकून नवख्याला वाटावं, पोरं मडक्यांचा धंदा करतात.

थोरलीचं बोळकं गेलं होतं. थोरली हे तिचं घरातलं नाव, आणि होस्टेलच्या खोलीतल्या मैत्रिणीनेही तेच उचललेलं. तिला एक आजीबाई मिळाल्या होत्या. मापं झाली, मेणात दात बसवून झाले, ते एकदा तोंडात घालून पाहिले, आजीबाई आरशात बघून लाजल्यासुद्धा. आणि पुढच्या खेपेआधीच त्यांचा मुलगा त्यांना घेऊन दुसऱ्या गावी राहायला गेला. मेणातले दात टेबलावर तयार, तोंडच बेपत्ता.

हे निमित्त झालं. आधीपासूनच तिचं काही खरं नव्हतं. पुस्तकाचं एकच पान ती तासभर वाचायची आणि मिटल्यावर त्यातलं अक्षर आठवायचं नाही. वाचताना कानामागचे केस एकेक करून उपटायची, तिथे आता रुपयाएवढी चकती पडली होती. पेशंटच्या तोंडात आरसा धरला की हात थरथरायचा, मग पेशंटच तिला धीर द्यायचा. पुलावरून जाताना ती कठड्यापासून लांब, रस्त्याच्या बाजूने चालायची, कारण तिचा स्वतःवरचा भरवसा उडाला होता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

कॉलेजला मुलांच्या मनाची काळजी नव्हती असं कोण म्हणेल? जेवणाच्या सुट्टीत 'मन सांभाळा' नावाचं व्याख्यान ठेवलं होतं. हजेरी सक्तीची. जे आले नाहीत त्यांना दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांसमोर झाडलं. व्याख्यान देणाऱ्या बाई म्हणाल्या, मनातलं कुणाशी तरी बोला. थोरली भाबडी, तिने ते खरं धरलं आणि मॅडमना गाठलं.

"मॅडम, मला झोप लागत नाही. डोकंच चालत नाही."

"आमच्या वेळी आम्हाला तरी कुठे झोप होती?" मॅडम म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांनाही कुणी असंच सांगितलं होतं, आणि त्या जगल्या होत्या. "पेशंट शोध. काम झालं की झोप येते आपोआप."

त्या संध्याकाळी तिने घरी फोन केला. सांगायचं होतं एक आणि तोंडातून आलं भलतंच. पेशंट मिळत नाही, बोळकं नाही मिळालं तर वर्ष जाईल, मला जगावंसं वाटत नाही, असं रडत रडत, उलटसुलट. फोनवर बाबा होते. ते बराच वेळ नुसतं "हं, हं" करत राहिले आणि शेवटी म्हणाले, "काहीतरी करू बाळा."

बाबा एका सात मजली कचेरीत लिफ्ट चालवत. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये ते अनोळखी माणसालाही सांगत, "आमची थोरली दातांची डॉक्टर होतेय." त्याला सहाव्यावर जायचं असलं तर तिचे मार्कही ऐकावे लागत. सुट्टीत ती घरी आली की पहिल्यांदा तोंड उघडून बसणार ते बाबाच. दात सातच उरलेले, पण उजव्या बाजूचे वरचे-खालचे एकमेकांवर नेमके बसत आणि त्यांच्या जोरावर ते खारे दाणे खात. "हे अजून दहा वर्षं हलत नाहीत," असं तिनेच त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. ते वाक्यही लिफ्टमधून सगळ्या मजल्यांवर पोचलं.

फोननंतर तीनेक आठवडे गेले. बोळकं काही मिळालं नाही. एके दिवशी ती सकाळी उठलीच नाही. जाग होती, पण अंथरुणातून पाय खाली टाकवेना. खोलीतल्या मैत्रिणीने दुपारी येऊन पाहिलं, तिचं तोंड धुतलं, केस विंचरले, चकती पाहिली आणि भडकली.

"सोड ना हे सगळं! घरी जा आणि सांग, मला होत नाही. ते काय तुला खाणारेत?"

"बाबांना सातच दात आहेत," थोरली म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी दोघी हसल्या.

रविवारी ती बसमध्ये बसली. 'बाबा, मी कॉलेज सोडतेय, मला होत नाही.' वाटेत हे वाक्य तिने इतक्या वेळा घोळवलं की त्याची भीती गेली. घर जवळ आलं तसं तिला हलकं वाटायला लागलं. भूकसुद्धा लागली. आपण घरी जाऊन पोटभर जेवू आणि झोपू, असं तिच्या मनात आलं, आणि जगण्याबद्दलचा असा साधा विचार तिला फार दिवसांत सुचला नव्हता.

दार आईने उघडलं आणि नजर चुकवून आत गेली. बाबा खिडकीपाशी बसले होते. गाल आत गेलेले, हनुवटी नाकाजवळ आलेली. क्षणभर तिला वाटलं, आजोबा बसलेत.

"या डॉक्टर," ते म्हणाले. शब्दांतून हवा निसटत होती. "तुमचा पेशंट आलाय." आणि त्यांनी आ केला.

सातही दात नव्हते. खालच्या जखमा बऱ्याच भरल्या होत्या, उजवीकडची अजून ओली दिसत होती. आणि खरं सांगायचं तर तिला आधी आनंद झाला. बोळकं मिळालं! आता मॅडम सही करतील! हे मनात येऊन गेलं मात्र, ती मोरीकडे धावली आणि ओकली.

"बाजारातल्या दवाखान्यात काढले," बाबा बाहेरून सांगत होते. "दोन-तीन खेपा झाल्या. म्हटलं, हलतात. तिथल्या डॉक्टरनं हलवून पाहिले, म्हणाला, कुठे हलतात? मी म्हटलं, दात माझे, मला माहीत!" आणि ते तोंडावर हात ठेवून हसले. आधी ते असा हात ठेवत नसत.

आई मोरीच्या दारात उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "मी नको नको म्हणत होते गं. तुझा फोन आल्यापासून जेवण गोड लागेना त्यांना. म्हणाले, पोरगी मरायला टेकलीय आणि माझ्या तोंडात अडलंय."

थोरलीने चूळ भरली. वाक्य तयार होतं, तीनदा जिभेवर आलं. पण आता ते म्हणायची सोय राहिली नव्हती. सात दात देऊन बाबांनी तिला त्या कॉलेजात खुंटीला बांधून टाकलं होतं, आणि त्यांना वाटत होतं, आपण पोरीला सोडवलं. तिला त्यांचा इतका राग आला की तो कुठे ठेवावा कळेना, आणि इतकी दया आली की रागावताही येईना. आईने वाढलेलं ती मुकाट्याने जेवली. बाबांच्या पानात पेज होती.

जखमा पुरत्या भरल्यावर बाबा रजा काढून कॉलेजात येऊ लागले. मापं घेताना थोरलीचा हात आता थरथरत नसे, कारण तिने मनात काही येऊच द्यायचं नाही असं ठरवलं होतं. मॅडमनी जबडा पाहिला आणि खूश झाल्या. "सुरेख आहे. कुठून शोधलंस?"

"माझे वडील आहेत, मॅडम."

"बघ! काखेत कळसा नि गावाला वळसा!" मॅडम हसल्या. बाबाही हसले, हात तोंडावर ठेवून. थोरलीने मेण गरम करायला घेतलं.

कवळी बसली, सही झाली, अर्ज गेला. लिफ्टमधल्या लोकांना दुसऱ्या मजल्यानंतर ऐकायला मिळू लागलं की, "ही आमच्या थोरलीनं केलीय." एवढं सांगून झालं आणि लिफ्ट रिकामी झाली की बाबा कवळी काढून रुमालात गुंडाळत आणि खिशात ठेवत. ही गोष्ट आईने फोनवर सांगितली. म्हणून थोरलीने त्यांना तपासायला बोलावून घेतलं.

ते खुर्चीत बसले. आजूबाजूच्या खुर्च्यांवर इतर पोरं आपापल्या पेशंटवर वाकली होती.

"कुठे टोचतंय?"

"कुठेच नाही. झकास बसलीय."

तिने गाल बाजूला करून पाहिलं. खाली उजवीकडे कवळीच्या कडेलगत हिरडीवर पांढरट जखम होती, भोवती लालभडक. तिने बोट लावलं तसे बाबांचे पाय आखडले आणि खुर्चीचा दांडा त्यांनी घट्ट धरला.

"दुखतंय?"

"छे."

"खोटं बोलू नका!" ती ओरडली. हातातला आरसा ट्रेमध्ये आदळला, दोन-चार माना वळल्या. "एवढी जखम झालीय आणि छे काय? तुम्ही सांगितलं नाही तर मला कळणार कसं? मी कवळी कुठे घासायची?" जन्मात कधी ती बाबांवर ओरडली नव्हती.

बाबांनी घाबरून कवळी काढून हातात धरली.

"दुखतंय गं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून दुखतंय. पाणी पितानासुद्धा. तुझी सही अडायला नको म्हणून बोललो नाही." त्यांनी बाहीने ओठ पुसले आणि तिच्या कानामागे पाहिलं. तिथली चकती आता हाताच्या तळव्याएवढी झाली होती. "आणि तुझं गं? तुला काय होतंय? तूही सांगत नाहीस. आता मी सांगितलं ना? मग सांग तूपण."

बसमध्ये घोळवलेलं वाक्य जसंच्या तसं आठवलं. समोर बाबांची रिकामी हिरडी होती.

"मला काही नाही, बाबा," ती म्हणाली आणि आरसा उचलला. "तोंड उघडा."