मास्तरांची रिओहा

मास्तरांची नोकरी माझ्या एका वाक्यामुळे गेली. बैठकीत साहेबांनी मला विचारलं, "जपानी कागदपत्रं त्यांच्याकडून तपासून न घेता चालेल का?" मी म्हणालो, "काही प्रॉब्लेम नाही." टोकियोत तोयोसुच्या आमच्या ऑफिसात आम्ही पुण्या-मुंबईची मंडळी हे दिवसातून वीस वेळा म्हणतो, विचार न करता. त्या दिवशी मी विचार करून म्हणालो. टीम लीडची जागा रिकामी होती आणि मला कुणाची मदत लागते, हे दिसायला नको होतं.

मास्तर हे नाव आम्हीच ठेवलेलं. निवृत्तीनंतर कंपनीने त्यांना वर्षावर्षाच्या कराराने ठेवून घेतलं होतं. खिडकीजवळ बसून ते आमचं मोडकंतोडकं जपानी लाल पेन्सिलने दुरुस्त करत. एरवी अबोल. बोलायचे ते स्पेनच्या रेड वाइनवर, त्यातही एकाच, रिओहावर. तरुणपणी कंपनीने त्यांना दोन वर्षं तिकडे पाठवलं होतं.

एदोगावाला आमच्या घरी ते पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा बाटली त्यांनी आदल्या दिवशीच माझ्या हाती दिली होती. मी ती फ्रिजमध्ये ठेवून दिली. मास्तरांनी बाटलीला हात लावून पाहिला. "शिंदे-सान, हिला ताप आला होता का, इतकी गार करायला?" मग उघडून तासभर ओट्यावर ठेवायला लावली. माझी बायको मृणाल मला मराठीत म्हणाली, "इतकी काळजी माझी घेतोस का कधी?"

तिने हौसेने तांबडा रस्सा केला होता. मास्तरांनी रश्श्यावर एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. "दोघंही ओरडतायत." मिरची झणझणीत असली की ही वाइन कडवट लागते, हे मला तेव्हा कळलं. नंतर त्यांनी भरलं वांगं खाल्लं, पुन्हा घोट घेतला आणि आणखी एक वांगं वाढून घेतलं. गोड्या मसाल्यातली लवंग-दालचिनी आणि वाइन मुरवायच्या ओकच्या लाकडी पिंपाचा वास यांची जुनी ओळख असावी, असं त्यांचं मत पडलं. मटण चालेल, पण बेताच्या तिखटाचं. मशरूम चालतील. सोया सॉस लावून कोळशावर भाजलेलं चिकन तर उत्तम. पुढे ते यायचे त्या दिवशी मृणाल वांग्यात मिरची कमी घालायची आणि आमची मुलगी जपानीत कुरकुर करायची.

घोट तोंडात धरून ते थांबत. मलाही थांबायला लावत. "आधी चेरी येईल, आंबटसर. मग थोडं चामडं, थोडा व्हॅनिला. शेवटी हिरड्यांवर तुरटपणा. तोवर बोलायचं नाही. तुम्ही लोक फार लवकर बोलता."

त्या बैठकीचं इतिवृत्त मीच लिहिलं आणि सवयीने तपासायला मास्तरांकडे पाठवलं. पाठवल्यावर लक्षात आलं. संध्याकाळी कागद परत आला. 'यापुढे तपासणीची गरज नाही' हे माझं वाक्य त्यांनी लाल पेन्सिलने थोडं अधिक नम्र केलं होतं. बाकी काही नाही.

त्यांचा करार पुढे वाढवला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी मला एक रिझर्व्हा दिली, पिंपात नि बाटलीत जास्त मुरलेली. "काही वर्षं ठेवा. घाई नको." मी वाकून आभार मानले. मला काहीच वाटलं नाही. टीम लीडची जागा मिळाली, तेव्हाही नाही. बाटली दाराजवळच्या बुटांच्या कपाटात आडवी ठेवली. चार वर्षं रोज सकाळी बूट काढताना ती दिसायची.

गेल्या महिन्यात त्यांचं पोस्टकार्ड आलं. आजारपणानंतर ते ओसाकाला मुलीकडे राहतायत. मी बाटली आणि मृणालने दिलेला वांग्याचा डबा घेऊन गेलो. ते बारीक झाले होते. बाटली त्यांनीच उघडली आणि ग्लास एकच भरला.

"मला आता वास येत नाही, चवही नाही," ते म्हणाले. "तुम्ही प्या आणि मला सांगा."

मी घोट तोंडात धरला. चेरी आली, चामडं आलं. ते माझ्याकडे बघत थांबले होते. तुरटपणा हिरड्यांपर्यंत पोचेस्तोवर मी बोललो नाही. मग ग्लास खाली ठेवला.

"तुमची गरज होती," मी म्हणालो. "मला माहीत होतं, तरी मी गरज नाही म्हणालो. मला माफ करा."