वस्तादांचा एक शब्द

गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करण्यात वस्तादांचा जन्म गेला. पत्रा आत दबून आकार बिघडला की त्याला पोचा म्हणायचं, आणि पोचा काढावा तो वस्तादांनीच, असं सगळं गॅरेज मानायचं. स्वभाव मात्र घुमा. घरीही तेच. बायको म्हणायची, "माणसाशी संसार केला की भिंतीशी, देव जाणे."

मग मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवा हात लुळा पडला, वाचा बसली. दवाखान्यातून घरी आल्यावर एका सकाळी वस्तादांनी तोंड उघडलं.

"पोचा."

बायकोने पाणी पुढे केलं. "पोचा." उशी सारखी केली. "पोचा!"

डॉक्टर म्हणाले, "त्यांना कळतं सगळं. बाकीचे शब्द सापडत नाहीत, हा एक हाताशी राहिलाय."

"बायकोचं नाव नाही राहिलं, पोचा राहिला!" ती हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं.

हळूहळू तिचा कान तयार झाला. लांबवलेला पोचा म्हणजे पाणी, तुटक म्हणजे कूस बदल. पाहुणे फार वेळ बसले की तो दातांखालून यायचा. एकदा तिच्या खप्पड गालांकडे बघत ते हळूच म्हणाले, "पोचा." ती म्हणाली, "हो, बसलेत. तुमचे कुठे फुगलेत?" वस्ताद खुदकन हसले. इतक्या गप्पा त्या दोघांत लग्नापासून झाल्या नव्हत्या.

एके दुपारी ती न्हाणीघरात घसरली. कंबरेतून अशी कळ गेली की हाक मारायलाही आवाज निघेना. बाहेर खाट करकरली. काहीतरी जड फरफटत गेलं. मग बाहेरच्या दारावर धपाधप थापा आणि वस्तादांचा फाटका आवाज, "पोचा! पोचा!" जन्मात कधी आवाज न चढवलेला माणूस जिवाच्या आकांताने ओरडत होता.

खालच्या मजल्यावरचा शिंपी या शब्दाला विटला होता. तणतणत वर आला. "अहो वस्ताद, पुरे की! कसला पोचा?" दार ढकललं तर उंबऱ्याशी वस्ताद पालथे पडलेले, डावा हात न्हाणीघराकडे. तिकडून पाणी वाहत येत होतं. शिंप्याचा रागच उतरला. त्यानेच तिला उचलून गाडीत घातलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ती काठी धरून घरी परतली तेव्हा वस्तादांनी डावा हात तिच्या कंबरेवर ठेवला, पत्र्यावरून फिरवावा तसा फिरवला आणि विचारलं, "पोचा?"

"पडलाय," ती म्हणाली. "राहणार आता."

दुसरा शब्द त्यांना कधीच आला नाही. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. शिंपी तिच्याजवळ येऊन बसला. त्याने विचारलं, "शेवटी काही म्हणाले का?"

"तेच," ती म्हणाली. "पण सावकाश म्हणाले. घाई नव्हती त्यांना."