रिकाम्या मेमरीची वीज

आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या मदतीला म्हणून मी पुण्याहून खालापूरला आले आणि मग इथलीच झाले. घरून काम करायची मुभा ऑफिसने दिलेलीच होती. तहसील कचेरीच्या जवळ आत्याचं दूध-दह्याचं आणि थंड पेयांचं दुकान आहे. खाली दुकान, त्यामागे स्वयंपाकघर आणि वर दोन खोल्या. वरच्या रस्त्याकडच्या खोलीत मी टेबल टाकलं. दिवसभर खालून दाखल्यांच्या, सातबाऱ्यांच्या, एसट्यांच्या गप्पा ऐकू यायच्या, आणि वर मी पुण्यातल्या लोकांशी हेडफोन लावून बोलत असायचे.

आमची कंपनी गोदामांतल्या मालाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर बनवते. ते चालतं क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतल्या, भाड्याने घेतलेल्या मशीनवर. गेल्या उन्हाळ्यात परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, ‘तुमचं सॉफ्टवेअर आमच्यासाठी वर्षाला किती वीज वापरतं?’ त्यांना त्यांच्या पर्यावरण अहवालात हे लिहायचं होतं. आमच्यापैकी कोणीच याचा कधी विचार केला नव्हता. टीम लीडने कामाची वाटणी केली. एकाकडे प्रोसेसर, दुसऱ्याकडे डिस्क आणि नेटवर्क, आणि मेमरी माझ्याकडे.

प्रोसेसरचं त्या मानाने सोपं होतं. काम वाढलं की त्याची वीज वाढते, आणि काम किती झालं ते आम्हाला स्क्रीनवर दिसतं. मेमरीची गोष्ट वेगळी. त्या इमारतीतला विजेचा मीटर आम्हाला कधीच दिसणार नव्हता. आम्हाला माहीत होतं ते इतकंच, की आम्ही किती जीबी मेमरी किती तास अडवून ठेवली. एका जीबीला किती वीज धरायची, याचे आकडे इंटरनेटवर सापडले, पण एकाचा आकडा दुसऱ्याच्या कितीतरी पट. शिवाय अडवलेली पण रिकामी मेमरी कशी धरायची, याबद्दल कोणी काही लिहिलं असेल तर ते मला सापडलं नाही.

दोन-तीन दिवस मी नुसती वाचत बसले. मग मनात आलं, एकदा स्वतः मोजून तरी पाहू. सर्व्हरची मेमरी वेगळी असते, त्यामुळे घरी मोजलेला आकडा अहवालात घालता येणार नव्हता. पण मेमरी वीज कशी घेते, तिची चाल काय, एवढं तर कळलं असतं.

आत्तेभावाचा जुना डेस्कटॉप माळ्यावर पडून होता. प्लगमध्ये बसणारा वीज मोजायचा छोटा मीटर ऑनलाइन मागवला. जास्तीच्या मेमरीच्या पट्ट्या आणायला कर्जतला एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेले.

“गेम खेळायला पाहिजेत का?” त्याने विचारलं.

“नाही, त्या किती वीज खातात ते बघायचंय.”

त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि ड्रॉवरमधून एकसारख्या चार जुन्या पट्ट्या काढून दिल्या. “बघून झालं की परत आणा. आणि मलाही सांगा काय निघालं ते.”

पहिल्याच दिवशी अडचण लक्षात आली. एका पट्टीने पडणारा फरक फार बारीक, एखाद्या झिरोच्या दिव्याएवढा. आणि खालच्या फ्रीजरचा कॉम्प्रेसर सुरू झाला की वरची ट्यूब लुकलुकायची आणि मीटरवरचा आकडा उडी मारायचा. माझा फरक त्या उड्यांमध्ये कुठेच दिसेना. सरासरी काढून पाहिली, तीही दर वेळी निराळी.

जेवताना मी आत्याला हे सगळं सांगितलं. ती ताटात कालवण वाढत होती. तिचा हात थांबला.

“मंग फ्रीजर बंद करू की.”

“अगं, कुल्फी आहे त्यात.”

“झाकन उघडलं नाय तर दुपारभर काय होत नाय तिला. उद्या सकाळी दूध संपलं की करू बंद.” मग जरा पुढे सरकून म्हणाली, “पण मला आधी सांग, त्या पट्टीत काय भरलं तर ती जास्त वीज खाते का?”

“तेच बघायचंय. मला वाटतं, थोडी जास्त खात असेल.”

“थोडी? भरपूर खाईल. फ्रीजर खच्चून भरला की कसा घरघरतो बघितलाय ना तू?” मी काही बोलायच्या आत तिने पैज लावली. भरलेल्या पट्टीने जास्त वीज खाल्ली तर आठवडाभर भाकऱ्या मी करायच्या, नाही तर तिने. एरवीही भाकऱ्या तीच करायची, पण ते तिच्या ध्यानात आलं नाही आणि मीही आठवण करून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी दूध संपलं तसा आत्याने फ्रीजर बंद केला. मी वर पंखाही बंद केला आणि घामाने निथळत बसले. आधी एकच पट्टी लावून आकडे घेतले, मग चारही. खिडकीतून आणि जिन्यातून खालचं सगळं ऐकू येत होतं. कचेरीतली जेवणाची सुट्टी झाली आणि दुकानात गर्दी जमली.

“कुल्फी द्या, मावशी.”

“आज कुल्फी नाय.”

“अहो, फ्रीजर तर समोर हाय!”

“हाय, पण उघडायचा नाय. वर भाची वीज मोजते.”

“कोनाची वीज?” एका माणसाला काळजीच वाटली. “वीज कंपनीत हाय का ती?”

“नाय हो, कॉम्प्युटरची मोजते. तुमी ताक घ्या, माठातलं गार हाय.”

मी जिन्यावरून वाकून पाहिलं. आत्या फ्रीजरला लागून स्टुलावर बसली होती, ऑपरेशन झालेला पाय लांब केलेला आणि एक हात झाकणावर. समोर रानभाज्या विकणारी म्हातारी उभी होती. डोंगरातल्या वाडीवरून ती कचेरीसमोर पाटी घेऊन यायची आणि पाटी रिकामी झाली की रोज एक कुल्फी खाऊन घरी जायची. तिला नाही म्हणणं आत्याला फार जड जात होतं.

“तुला देते गं,” आत्या झाकणाला हात घालत म्हणाली.

“नगं,” म्हातारी म्हणाली. “पोरीचं काम होऊ दे. मी बसते.” आणि ती पायरीवर सावलीत खरंच बसली. डोक्याचं फडकं सोडून वारा घेऊ लागली.

मी परत वर गेले आणि राहिलेलं काम उरकलं. चारही पट्ट्या रिकाम्या असतानाचे आकडे होतेच. मग एक छोटा प्रोग्राम चालवून त्या काठोकाठ भरल्या आणि थांबले. मीटरवरचा आकडा हलला नाही. माझा विश्वास बसेना म्हणून सगळं पुन्हा केलं. तरी तेच. त्याच मेमरीत सतत लिहायला-वाचायला लावलं तेव्हा मात्र आकडा वर चढला, आणि ते थांबवताच परत खाली आला. एका पट्टीच्या आणि चार पट्ट्यांच्या आकड्यांतला फरक आता स्वच्छ दिसत होता. पट्टी मशीनमध्ये बसली की ती वीज घेणारच, भरलेली असो की रिकामी.

मी खाली धावतच गेले. “झालं! फ्रीजर लाव. आणि पैज हरलीस तू.”

“म्हंजे? भरलेलीला जास्त लागत नाय?”

“अजिबात नाही. दोन्हीला सारखीच.”

“मीटर बिघडलाय तुजा,” आत्या ठामपणे म्हणाली आणि झाकण उघडलं. वरच्या थरातल्या कुल्फ्या किंचित मऊ झाल्या होत्या. पहिली पायरीवर बसलेल्या म्हातारीला मिळाली. तिने ती चाखली आणि म्हणाली, “आज बरी हाय. रोज दातांना लागते.” मग आत्याने मऊ झालेल्या सगळ्याच वाटून टाकल्या. कचेरीतले दोघे-तिघे, समोरचा झेरॉक्सवाला, रिक्षावाले, सगळे दुकानापुढे उभे राहून कुल्फी खात होते आणि मी प्रत्येकाला मेमरी म्हणजे काय ते सांगत होते. रिक्षावाल्याने विचारलं, मोबाइलमध्येही असंच असतं का. असतं, म्हटलं.

संध्याकाळी मी टीम लीडला फोन करून सगळं सांगितलं.

“अगं, पण त्यांना एक आकडा हवाय,” ती म्हणाली.

“एकच आकडा दिला तर ते खोटं होईल. कमीत कमी इतकी आणि जास्तीत जास्त इतकी असं देऊ, आणि कसं काढलं तेही लिहू. आणि मेमरी अडवलेली धरायची, वापरलेली नाही.”

“अडवलेली धरली तर आपला आकडा खूप वाढेल.”

“वाढेलच. आपण अडवूनच ठेवलीय ना एवढी!”

त्यावर तिला हसू आलं. मग दोघींनी फोन चालू ठेवूनच आमच्या मशीनची यादी काढली. एकदा कधीतरी मेमरी कमी पडून सॉफ्टवेअर बंद पडलं होतं, तेव्हापासून जो तो भीतीपोटी जास्तीची मेमरी मागून ठेवत आला होता. अर्ध्याहून जास्त जागा कधीच वापरात आली नव्हती. आम्ही आधी सॉफ्टवेअरच्या एकाच भागाची मेमरी कमी केली आणि महिनाअखेरच्या गर्दीची वाट पाहिली. त्या दिवशी मी सकाळपासून स्क्रीनवरचा आलेख बघत बसले होते. काहीही झालं नाही. कामात ‘काहीही झालं नाही’ या गोष्टीचा इतका आनंद मला त्याआधी क्वचितच झाला असेल. मग बाकीच्या भागांचीही मेमरी हळूहळू कमी केली. आपण सोडलेल्या जागेतली वीज लगेच वाचत नाही, ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळते आणि पुढे एखादं मशीन कमी लागतं, हेही मी अहवालात लिहिलं. टीम लीडला ते वाक्य गाळावंसं वाटत होतं, पण शेवटी तिने ते राहू दिलं.

गिऱ्हाइकाकडून थोड्या दिवसांनी उत्तर आलं. त्यांच्याकडच्या ज्या माणसाला हा अहवाल पाहायचा होता, त्याला माझ्याशी बोलायचं होतं. मी जरा धास्तावले होते. स्क्रीनवर पिकल्या केसांचा, शांत चेहऱ्याचा माणूस आला. त्यांनी विचारलेल्या इतर सगळ्या कंपन्यांनी एकेक आकडा पाठवला होता, पण तो कुठून आला ते कोणीच सांगितलं नव्हतं, असं तो म्हणाला. मग त्याने एकेक पायरी नीट विचारून घेतली. खोलीत पंखा का बंद केला होता, हेसुद्धा विचारलं. आमची पद्धत त्या इतर कंपन्यांना पाठवली तर चालेल का, असं त्याने विचारलं. चालेल, असं मी म्हटलं आणि कॉल संपल्यावर बराच वेळ खिडकीत उभी राहिले. खाली पनवेलची एसटी लागली होती आणि कंडक्टर दारात उभा राहून उरलेल्या माणसांना हाका मारत होता.