अठरा हजार सातशे एकतीस

सोसायटीत पाण्याचा टँकर आला की आम्ही बादल्या घेऊन धावायचो आणि मधलेकाका टँकरचा नंबर बघायला. "छे! तीनाने भाग जातोय," म्हणत तोंड वाकडं करून परत वर. बादली काकूंच्याच गळ्यात.

आडनाव त्यांचं वेगळंच होतं. डोंबिवलीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमधून रिटायर झाले आणि मूळ संख्यांच्या मागे लागले. त्यातही हव्या असत त्या बरोब्बर मधोमध उभ्या असलेल्या, म्हणून आम्ही ठेवलेलं हे नाव. "त्रेपन्न घे," मला समजवायचे. "अलीकडची मूळ संख्या सत्तेचाळीस, पलीकडची एकोणसाठ. दोघी सहा-सहावर. आहे की नाही गुणाची पोर? कुणाकडे झुकत नाही!"

अशा त्यांना पुष्कळ सापडल्या होत्या. आता हवी होती ती, जिच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन शेजारणी सारख्याच अंतरांवर असतील. दीड वर्ष रोज दुपारी पाठकोऱ्या कागदांवर भागाकार चालले होते. कॅलक्युलेटरसुद्धा नाही. "लॅबमध्ये जन्मभर मशीनने दाखवलेले आकडे उतरवले गं. हा एक तरी माझ्या हातून निघू दे."

मी नौपाड्यातल्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करणारी. शहाणी ना! एका रविवारी त्यांच्याकडे पोहे खाता खाता लॅपटॉप उघडला. "काका, दोन मिनिटांचं काम आहे."

"बघ हवं तर. पण मला सांगू नकोस हं."

आकडा पडद्यावर आला आणि मला कुठला दम निघायला! "अठरा हजार सातशे एकतीस!" मोठ्याने वाचलं, वर टाळीसाठी हात पुढे केला.

टाळी दिली त्यांनी. वर्तमानपत्राच्या कडेला पाचही संख्या मांडून पडताळल्या. "बरोबर आहे. हुशार आहेस," म्हणाले. मग काकूंना हाक मारली, "अगं, हिला अजून पोहे दे."

त्यानंतर ते दुपारी टीव्ही बघायला लागले. "पुढची शोधा ना," म्हटलं की "बघू" म्हणायचे. माझं चुकलं, हे मला कळत होतं. पण ते तोंडाने म्हणायला जीभ रेटली नाही, आणि मागच्या वर्षी काका गेलेच.

तेराव्याला काकूंनी कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "तुलाच कळेल यातलं." शेवटच्या कागदावर शेवटचा आकडा होता अठरा हजार सहाशे एकाहत्तर. दोन, तीन, पाचाने भाग जाणारे ते आधीच गाळायचे; उरलेल्यांपैकी दिवसाला दहाएक आकडे व्हायचे त्यांचे. मी तिथेच बसून हिशोब केला. दोन, फार तर तीन दुपारी.

तेवढं गप्प बसायला काय झालं होतं मला?